तीन चौकटी

थोरलीला एखादी गोष्ट विचारायची म्हणजे दुपार मोडायची तयारी ठेवूनच विचारावं लागे. "आज उशीर का झाला गं?" एवढंच विचारलं, की ती सुरुवात करायची शेजारणीच्या नळापासून. नळावरून शेजारणीच्या नवऱ्यावर, नवऱ्यावरून त्याच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून त्या डॉक्टरवर, ज्याने हिच्या आईचं दुखणं ओळखलंच नव्हतं. उशीर का झाला ते शेवटपर्यंत कुणाला कळायचं नाही, पण ऐकणाऱ्या बायका हसून हसून चादरींच्या ढिगावर आडव्या व्हायच्या. तिची धाकटी बहीण शेजारीच उभी असे. ती कपाळावर हात मारून म्हणे, "अगं, बस चुकली म्हण की सरळ!"

हे चालायचं एका मोठ्या लाँड्रीत. शहरातल्या इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे तिथे गाठोड्यांनी यायचे, खाली धुतले जायचे आणि वर इस्त्री होऊन परत जायचे. खाली ब्लीचच्या वासाने डोळे चुरचुरायचे आणि वर वाफेने. दोघी बहिणी वरच्या मजल्यावर, रोलरवर होत्या. रोलर म्हणजे लोखंडाचं भलंमोठं तापलेलं लाटणंच. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक आणि कोरडी होऊन बाहेर यायची. धाकटी तोंडाशी उभी राहून चादर आत घालायची, थोरली बटणापाशी असायची. तोंडाशी एक आडवी दांडी होती. तिला नुसता हात लागला तरी रोलर जागच्या जागी थांबायचा. माणसाचा हात लोखंडाआधी दांडीला लागावा, एवढ्यासाठीच ती तिथे बसवलेली होती.

आणि तिथे बाई होत्या. तशा सगळ्याच तिथे बायका, पण 'बाई' म्हटलं की एकच, पांढऱ्या केसांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. इस्पितळाने लाँड्रीला अट घातली होती की गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या कामगारांना वाचता आल्या पाहिजेत, आणि काही घडलं तर त्यांना चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत. म्हणून पाळी संपली की घड्यांच्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. घडी घालायच्या लांब टेबलाभोवती बायका बसायच्या आणि टेबल हाच फळा व्हायचा.

अक्षरं आली. अक्षरं कुणालाही येतात, बाईंनी उभ्या जन्मात अक्षरं न आलेला माणूस पाहिला नव्हता. गाडं अडायचं ते पुढे. चार ओळी लिहा म्हटलं की बायका एक तर मूग गिळून बसायच्या, नाहीतर थोरलीसारख्या वाहवत जायच्या. तेव्हा बाईंनी आपलं जुनं हत्यार बाहेर काढलं. त्या खडूने टेबलावर चित्रं काढायला लागल्या. एका विषयाचं सगळं आठवून काढायचं असलं की कोळी: पोटात विषय, पायांवर एकेक मुद्दा. एखादी गोष्ट का झाली ते शोधायचं असलं की माशाचा सांगाडा: डोक्यात झालेली गोष्ट, काट्यांवर तिची कारणं. आणि घडलेलं सांगायचं असलं की तीन चौकटी: आधी, मग, शेवटी.

"बाई, आज कोळी का मासा?" बायका जिन्यातूनच ओरडत यायच्या.

"मासा रोज सांगाड्याचाच का हो, बाई?" धाकटी दारातून विचारायची. "अंगावरचं सगळं मॅनेजरसाहेब खाऊन जातात का?"

धाकटी वर्गात बसायची नाही. बहिणीची वाट बघत दाराला टेकून उभी राहायची. "घरात एक शहाणी पुरे," म्हणायची. थोरली शिकली की आपण शिकल्यासारखंच, असं तिचं साधं गणित होतं. दोघींनी एकमेकींशिवाय काही केलंच नव्हतं. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या, धाकटीचा नवरा लॉरी घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, थोरलीला मूलबाळ नाही, आणि धाकटीची चिमणी, ती तिसरीतली पोर, दोघींच्या मध्ये झोपायची. आई कोण आणि मावशी कोण हे चिमणीलासुद्धा फक्त हाक मारण्यापुरतंच माहीत होतं.

तीन चौकटी बाईंच्या विशेष लाडक्या. चौकट तळहाताएवढी काढायच्या, त्याहून मोठी नाही, आणि नियम एकच: चौकटीत मावेल तेवढंच लिहायचं, बाकीचं गळू द्यायचं. "काय सोडायचं ते ज्याला कळलं, त्याला लिहिता आलं," असं त्या ठासून सांगायच्या. शाळेत त्यांनी याच्यावर पिढ्या काढल्या होत्या आणि थोरली हे त्यांना जणू मुद्दाम नेमून दिलेलं काम वाटत होतं.

एकदा गाठोड्याची पिशवी फाटून मळके कपडे जिन्यात पांगले होते, त्यावर लिहायचं होतं. थोरलीने जीभ दातांत धरून सुरुवात केली: पिशवी जेव्हा आणली तेव्हाच तिची शिवण.

बाईंनी तळहाताने ते पुसून टाकलं. "मूळ पुराण नको. ज्या दिवसाचं विचारलंय त्या दिवसापासून."

"पण बाई, शिवण आदल्या दिवशीच उसवली होती. मी सांगितलं पण होतं त्यांना."

"असेल. चौकटीत मावतंय का?"

थोरलीने चौकटीकडे पाहिलं. "नाही."

"मग सोड."

तिने सोडलं. हळूहळू तिला सोडता यायला लागलं. पिशवी फाटली, कपडे पांगले, आम्ही उचलले. पाणी आले नाही, काम थांबले, घरी गेलो. बाईंनी तिचा एक कागद टाचणीने भिंतीवर लावला तेव्हा थोरली लाजून लाल झाली आणि धाकटीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हाताला धरून तो दाखवला, स्वतःला त्यातलं अक्षर वाचता येत नसताना. घरीसुद्धा थोरली चौकटींत बोलायला लागली. "आधी हात धू, मग जेव, शेवटी झोप," असं चिमणीला सांगायची आणि चिमणी खिदळायची. पण गोष्ट सांगताना मात्र चिमणी हट्ट करायची, "चौकटीतली नको मावशी, लांबून सांग."

वर्गात हसणं कमी झालं होतं. चादरींच्या ढिगावर आता कुणी आडवं होत नव्हतं. बाईंच्या ते लक्षात आलं होतं आणि त्यांनी ते प्रगतीच्या खाती जमा करून टाकलं होतं.

अपघात झाला तेव्हा बाई तिथे नव्हत्या. त्या वर्गासाठी आल्या तेव्हा रोलर बंद होता, हॉलमध्ये वाफ नव्हती, आणि बायका भिंतीला लागून अशा उभ्या होत्या की जणू कुणीतरी त्यांना तिथे लावून ठेवलंय. एक चादर आत गुंडाळली गेली होती. रोलर थांबवून धाकटी तिची चुणी सरळ करत होती. थोरलीने बटण दाबलं. धाकटीचा हात कोपराच्या वरपर्यंत आत ओढला गेला. रोलर थांबेपर्यंत तो बाहेर काढण्यासारखा राहिला नव्हता. एवढं बाईंना वर्गातल्या उंच बाईने, जिला सगळ्या 'लांबी' म्हणत, सांगितलं, आणि सांगताना ती बाईंकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

धाकटीला त्याच इस्पितळात नेलं. आपल्याच हाताने इस्त्री केलेल्या चादरीवर ती निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला जबाबासाठी बोलावलं. मॅनेजरच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बसली होती, कालचेच कपडे अंगावर, बाहीला डाग तसेच. जबाबाचं कळताच बाई धावत आल्या होत्या. सुपरवायझर बाहेर आला. त्याला बायका पाठीमागे 'चलाचला' म्हणायच्या, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसायचा. आज मात्र तो मऊ बोलत होता.

"तिला त्रास नको," तो म्हणाला. "आम्ही लिहून घेतो. तिने अंगठा लावला तरी चालेल."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अंगठा?" त्या म्हणाल्या. "ती स्वतः लिहील. तिला येतं."

"बघा बुवा," चलाचला म्हणाला आणि कोरा कागद आणि पेन बाकावर ठेवून गेला.

थोरलीने पेन धरलं. "बाई, कुठून सुरू करू?" तिने विचारलं. "ती दांडी बांधली तेव्हापासून का?"

बाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांना तिची घाई दिसत होती. तिचे डोळे पुन्हा पुन्हा जिन्याकडे जात होते, तिला इस्पितळात परत जायचं होतं. हिला आता आवरलं नाही तर ही शेजारणीच्या नळापर्यंत जाईल आणि तिकडे धाकटी एकटी पडून आहे, एवढंच बाईंच्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःला किती वेळा सांगितलं, त्याला मोजदाद नाही.

"दांडीचं मागाहून सांग," बाई म्हणाल्या. "चौकटी आठव. आधी, मग, शेवटी. लिही आणि मोकळी हो, ती वाट बघतेय तुझी."

थोरलीने मान हलवली. कागदावर आधी बोटाने तीन चौकटी आखल्या, नुसत्याच, शाई न लावता. मग लिहिलं.

आधी मी बटण दाबले. मग रोलर फिरला. शेवटी माझ्या बहिणीचा हात आत गेला.

खाली सही केली. पुरं नाव, वळणदार. बाईंनी कागद वाचला. एक चूक नव्हती. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. आणि बाईंना आनंद झाला. तसल्या सकाळी, तसल्या बाकावर, बाहीवर रक्त वाळलेल्या बाईच्या शेजारी बसून त्यांना आनंद झाला, आणि त्यांनी थोरलीची पाठ थोपटली. चलाचलाने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

धाकटी दोन दिवस तगली.

चौकशीत काय येणार याची कुजबूज आठवड्याभरातच सुरू झाली. कामगाराची हयगय. यंत्रात दोष नाही, देखरेखीत दोष नाही, बटण दाबणारीने समोर न बघता बटण दाबलं, आणि हे कुणी दुसरं म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते, स्वतःच्या अक्षरात. थोरलीला घरी बसवलं. लॉरीवाला परतला तेव्हा मॅनेजरने त्याला बोलावून जबाबाची नक्कल हातात दिली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून त्याने ती घरी नेऊन चिमणीपुढे धरली, आणि चिमणीने बापाला ती मोठ्याने वाचून दाखवली. मावशी तिथेच चुलीपाशी उभी होती. त्या दिवसापासून लॉरीवाला थोरलीशी बोलला नाही. निकाल लागला की मुलीला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवणार, एवढंच त्याने शेजाऱ्यांना सांगितलं.

हे सगळं बाईंना लांबीने सांगितलं. वर्ग बंदच होता, दोघी घड्यांच्या खोलीत उभ्या होत्या, आणि भिंतीवर थोरलीचा कागद अजून होता.

"तिने दांडीचं काहीतरी विचारलं होतं मला," बाई म्हणाल्या. "बांधली तेव्हापासून, असं काहीतरी. काय बांधलं होतं?"

लांबीने दार लोटून घेतलं. जाड चादर आली की ती दांडीला लागायची, तिने सांगितलं. सारखा रोलर थांबायचा, काम तुंबायचं. चलाचलाने फाटक्या चादरीची पट्टी काढून दिली आणि दांडी वर उचलून बांधून टाकायला लावली. पावसाळ्याच्या आधीपासून ती तशीच होती. त्या दिवशी धाकटीने स्वतः सांगितलं होतं, "हां, कर सुरू." चुणी निघाली असं तिला वाटलं असणार. दांडी खाली असती तर हात आधी तिलाच लागला असता. आणि धाकटीला खाली नेत होते, तेव्हा चलाचला तेवढा रोलरपाशी मागे राहिला आणि चिठ्ठ्या कापायच्या कात्रीने त्याने ती पट्टी कापली.

"तुम्ही पाहिलंत?"

"सगळ्यांनी पाहिलं, बाई."

"मग सांगा ना! चौकशीत सांगा!"

लांबीने बाईंकडे पाहिलं, लहान मुलाकडे बघावं तसं. "तुम्ही पेन्शनवाल्या, बाई," ती म्हणाली, आणि अभ्र्यांची चळत उचलून निघून गेली.

बाईंनी त्याच संध्याकाळी थोरलीचं घर गाठलं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी त्यावर मासा काढला, मोठा, पानभर. डोक्यात लिहिलं: धाकटी गेली. मग एकेक काटा. दांडी बांधलेली होती. ती चलाचलाच्या हुकमावरून बांधली. काम तुंबलं होतं. चादर जाड होती. धाकटी म्हणाली, कर सुरू.

थोरली बघत होती. तिच्याकडून काढून घ्यावं लागत होतं, काट्याकाट्याला. कधी बांधली? कोण होतं? पट्टी कसली? पूर्वी हिला थांबवावं लागायचं, आणि आज बाई तिच्यापुढे हात जोडायच्या बाकी होत्या.

"हे सगळं खरं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे."

"मग हे परवा चौकशीत सांगायचं. न घाबरता."

थोरलीने माशावरून बोट फिरवलं. "बाई, बटण कुठल्या काट्यावर?"

"तोही एक काटा. हा इथे, शेपटाकडचा."

"एकच?" थोरली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "बाकीच्यांएवढाच?"

बाईंनी नुसता तो काटा काढला.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. कामगार खात्याचे अधिकारी आले होते, चष्मेवाले, हळू बोलणारे, पाणी विचारणारे. एखादा खडूस माणूस असता तर बाईंना सोपं गेलं असतं. एका बाजूला मॅनेजर, त्याच्या मागे चलाचला. लांबीला आणि आणखी दोघींना आधीच विचारून झालं होतं. दांडी? दांडी खालीच होती, साहेब. तिघींनी तेच सांगितलं आणि तिघी खाली मान घालून गेल्या.

थोरलीने सांगायला सुरुवात केली. दांडी बांधली होती, म्हणाली. पट्टी होती, म्हणाली. आणि अडली. बाईंनी पटकन कॅलेंडरचं पान पुढे केलं. अधिकाऱ्यांनी ते टेबलावर पसरलं आणि बराच वेळ बघितलं.

"हे कुणी काढलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "पण सांगितलं तिने."

"आणि हा?" त्यांनी जबाब वर धरला. "हा कुणी लिहिला?"

"मीच," थोरली म्हणाली. तिने मान वर केली. त्या अख्ख्या दिवसात एवढाच एक शब्द ती ठणठणीत बोलली. "माझं अक्षर आहे ते."

"कुणी सांगून लिहवून घेतलं?"

"नाही साहेब. मला येतं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मी तिला थांबवलं होतं," त्या म्हणाल्या. "ती दांडीपासूनच सुरुवात करणार होती. मी म्हटलं ते मागाहून. तीन चौकटी भर म्हटलं. ही माझी शिकवण्याची पद्धत आहे. जे सोडलं ते मी सोडायला लावलं. दोष माझा आहे."

चलाचला खिडकीबाहेर बघत होता. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुम्ही माझी पंचाईत केलीत," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटत होतं. "पहिला कागद तिने लिहिला, दुसऱ्याच दिवशी, तिच्या हाताने, तीन सरळ वाक्यं. असा स्वच्छ जबाब मला वर्षानुवर्षांत मिळालेला नाही. दुसरा कागद तुम्ही काढलात, इतक्या दिवसांनी, तुमच्या हाताने, आणि त्यात साक्षीदार नाकारतात तेच आहे. आता तुम्हीच म्हणता की पहिला तुम्ही शिकवलात. मग दुसरा नाही शिकवलात असं मी कशावरून धरू?"

"पण दुसरा खरा आहे!"

"पहिल्यात काही खोटं आहे का?" त्यांनी थोरलीला विचारलं. "तू बटण दाबलं नाहीस?"

"दाबलं," थोरली म्हणाली.

त्यांनी कॅलेंडरचं पान घडी करून बाईंना परत दिलं. जबाब फायलीत गेला. मॅनेजरने सगळ्यांसाठी चहा मागवला होता, तो आला, आणि बाईंच्या पुढ्यात त्याच्यावर साय धरली.

निकाल लागला तो सगळ्यांना ठाऊकच होता. थोरलीचं काम गेलं. रोलर पुन्हा सुरू झाला. बाईंना वर्ग पुन्हा सुरू करा असा निरोप आला, इतकंच नाही तर त्या जबाबाचं इस्पितळात कौतुक झालं असंही निरोप्याने सांगितलं. बाईंनी निरोप्याच्या तोंडावर दार लावलं.

चिमणीला न्यायचा दिवस ठरला तेव्हा बाई सकाळीच गेल्या. लॉरीवाला वर आला नव्हता. खाली सायकलच्या दुकानाशी लॉरी लावून तो थांबला होता. चिमणी नवे बूट घालून खाटेवर बसली होती, पिशवी मांडीवर. थोरलीने तिची वेणी घातली. वेणी घालून झाली तरी ती केसांतून हात फिरवत राहिली.

"मावशी," चिमणी म्हणाली, "आईचं सांग ना."

थोरलीचा हात थांबला.

"सगळं सांग. चौकटीतलं नको. लांबून सांग."

बाईंना एकदम हायसं वाटलं. इथे साहेब नव्हता, फाईल नव्हती, साक्षीदारांची गरज नव्हती. एक पोर होती आणि तिला लांबूनच ऐकायचं होतं. बाकी जगाने काय मानायचं ते मानो, या एका जिवापुढे खरं ते सांगून झालं की झालं. "सांग गं," बाई म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून सांग. नळापासून सांग हवं तर."

थोरली चिमणीसमोर येऊन जमिनीवर बसली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावर आठ्या आल्या, वर्गात पहिल्या दिवशी पेन धरताना आल्या होत्या तशा. तिने खरंच प्रयत्न केला. बाईंना तो दिसत होता.

"आधी मी बटण दाबलं," ती म्हणाली. "मग रोलर फिरला. शेवटी तुझ्या आईचा हात आत गेला."

"त्याच्या आधी?" बाई पुढे झाल्या. "दांडीचं सांग. ती पट्टी, ती कुणी बांधली, तुझ्या बहिणीने तुला काय सांगितलं होतं, ते सांग!"

थोरलीने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. शिकवलेलं सगळं पाठ असताना भलताच प्रश्न आला की शहाणं मूल गोंधळून बघतं, तशी ती बघत होती.

"त्याच्या आधी काही नाही, बाई," ती म्हणाली. "मी आठवून बघते. रोज बघते. मला तीनच दिसतात."

"अगं, तिथे एक दांडी होती," बाई चिमणीचे हात धरून म्हणाल्या. "तिला हात लागला की रोलर थांबायचा. ती बांधून ठेवली होती. तुझ्या मावशीने नाही बांधली. तुझ्या मावशीचा काही दोष नाही, ऐकतेस ना?"

चिमणीने ऐकून घेतलं. मोठ्यांचं ऐकायची तिला सवय होती. "बाई, तुम्ही होतात तिथे?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

खाली हॉर्न वाजला. चिमणीने आपले हात सोडवून घेतले, मावशीच्या गळ्यात ते टाकले, काढले, आणि पिशवी उचलली. थोरली जागची उठली नाही. जिना लाकडी होता, एकेका पायरीवर नवे बूट वाजत खाली गेले.

खिडकी उघडी होती. "एवढा वेळ?" लॉरीवाल्याचा आवाज आला. "काय सांगत होती मावशी?"

चिमणीने बापाला सांगितलं. तिन्ही वाक्यं, त्याच क्रमाने, एकही शब्द न चुकता.